साठीच्या आत विसरायला बंदी आहे काय?



‘साठी, बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. सिद्धनाथाच्या घाटावर संध्याकाळी बसणारी आपली ज्येष्ठ मंडळी ती एकमेकांवर फेकतात आणि हसतात. कोणी चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधतो, कोणी एकच गोष्ट दोनदा सांगतो, आणि म्हण तयारच असते. त्यात वावगे काही नाही. पण हीच म्हण शासनाने, विमा कंपन्यांनी आणि मेडिकल बोर्डांनी नियम म्हणून धरली तर काय होते, ते आम्ही गेली तीन वर्षे एका घरात पाहत आहोत. नियम असा झाला आहे की बुद्धी नाठायचीच असेल तर ती साठीनंतर नाठावी. त्याआधी नाठली तर ती हिशेबात धरली जाणार नाही.

घर आपल्या समाजातलेच आहे. नाव-पत्ता देत नाही, कारण घरात लग्नाची मुलगी आहे आणि आपला समाज कसा आहे हे आपण जाणता. गृहस्थ शासकीय शाळेत गणिताचे शिक्षक. वय त्या वेळी ५२. तोंडी हिशेबात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. एका वर्षी निकालपत्रकाच्या बेरजा चुकल्या. मग हजेरी दोनदा लागली. मग एका संध्याकाळी हरद्याहून परतताना नर्मदेच्या पुलावर मध्येच स्कूटर थांबवून त्यांनी एका शेंगदाणेवाल्याला विचारले, “नेमावर कोणत्या बाजूला?” ज्या गावात त्यांच्या पाच पिढ्या गेल्या, ते गाव.

शाळेत कुजबुज सुरू झाली की गुरुजी पिऊ लागले. ज्या माणसाने आयुष्यात सुपारी खाल्ली नाही त्याच्याबद्दल! कारणे दाखवा नोटीस आली, तिचे उत्तर वहिनींनी लिहून दिले. दुसरी आली. अखेर इंदूरला नेले. रक्त तपासले, बी-१२ आणि थायरॉइड पाहिले, कारण त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो आणि ती भरून काढली की माणूस सुधारू शकतो. इथे तसे नव्हते. एमआरआय झाला, स्मृतीच्या चाचण्या झाल्या आणि निदान झाले: अल्झायमर, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. वय ५३.

आजार कोणाच्या हातात नसतो. त्याबद्दल आम्ही कोणाला दोष देत नाही. आमची तक्रार त्यानंतरच्या प्रवासाबद्दल आहे.

एकच कागद, दोन नकार

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी त्यांना बोर्डापुढे नेले. वहिनींनी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून नेले, कारण अजूनही ते ‘सर’ आहेत. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, हवापाण्याच्या गप्पा मारल्या. वहिनी आम्हाला सांगत होत्या, “घरी ठेवून गेले तर म्हणतात, पेशंट आणा. घेऊन गेले तर म्हणतात, हे तर छान बोलतात.” शेवटी उत्तर मिळाले की आजार अगदी नवा आहे, वर्ष-दोन वर्षे औषध द्या, मग या.

त्याच सुमारास त्यांना इस्पितळात दाखल करावे लागले. निदानाच्या सव्वा वर्ष आधी त्यांनी स्वतःच एक आरोग्य विमा घेतला होता. क्लेम पाठवला. तो नाकारला गेला. कारण काय, तर डॉक्टरांच्या टिपणात एक ओळ होती: पत्नीच्या सांगण्यानुसार दोन वर्षांपासून विसराळूपणा. कंपनी म्हणाली, म्हणजे आजार पॉलिसीच्या आधीचा आहे, वेटिंग पिरियड संपेपर्यंत थांबा.

वाचकहो, हे दोन नकार शेजारी ठेवून पाहा. बोर्डाच्या लेखी आजार फार नवा, म्हणून थांबा. कंपनीच्या लेखी आजार फार जुना, म्हणून थांबा. कागद एकच, ओळ एकच, माणूस एकच. आणि दोन्हीकडे मागितला जातो तो वेळ! ज्याच्याजवळ दुसरे काहीही असेल, पण वेळ नाही, त्याच माणसाकडे. हा आजार मागे फिरत नाही. दोन वर्षांनी बोर्डापुढे जाईल तो माणूस कदाचित स्वतःचे नाव सांगू शकणार नाही. मग त्याला प्रमाणपत्र देतील. म्हणजे नोकरी वाचवायला, घर सावरायला आणि सह्या करायला ज्या काळात प्रमाणपत्र उपयोगी पडले असते, तो काळ संपल्यावर ते देतील.

आजार पहिल्यांदा दिसला तोच तरुण बाईत

हा म्हातारपणाचा आजार, असे म्हणणाऱ्यांना आम्ही थोडा इतिहास सांगू इच्छितो. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या बाईत हा आजार पहिल्यांदा पाहिला, त्या ऑगुस्ट डेटर १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात दाखल झाल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या. १९०६ मध्ये ५५ व्या वर्षी त्या वारल्या आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी आपले निष्कर्ष मांडले. पुढे कित्येक दशके ‘अल्झायमर’ हे नाव मुख्यतः पासष्टीच्या आतल्या रुग्णांसाठीच वापरले जाई. पासष्टीनंतर हा आजार पुष्कळ जास्त आढळतो हे खरे आहे. पण ज्या आजाराची पहिली नोंदलेली रुग्ण आमच्या गुरुजींपेक्षाही एका वर्षाने लहान होती, त्याला ‘वयाचा दोष’ म्हणून परत पाठवणे हे अज्ञान आहे.

आणि हे अज्ञान मोजणीतही आहे. आपल्या देशात स्मृतिभ्रंशाची जी मोठी पाहणी झाली आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिने साठीच्या वरच्या लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज दिला. पाहणी चांगली आहे, पण ती साठ वर्षे आणि पुढच्यांचीच आहे. त्या आकड्यात ५२ वर्षांचा माणूस मुळात नाहीच. जो मोजलाच गेला नाही त्याच्यासाठी तरतूद कोण करणार?

योजनांची यादी पाहा. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम साठीपासून. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन साठीपासून. आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या प्रत्येकाला मिळू लागले, उत्पन्न कितीही असो. आम्ही त्याचे मनापासून स्वागत करतो, आपल्या समाजातल्या अनेक ज्येष्ठांना त्याचा लाभ झाला. पण सत्तरीच्या आतल्याचे नाव गरिबीच्या किंवा अन्य पात्रतेच्या यादीत असावे लागते, आणि पगारदार शिक्षकाचे ते नसते. दिव्यांग निवृत्तिवेतनाची केंद्रीय योजना १८ वर्षांपासून आहे खरी, पण तिला दारिद्र्यरेषेखालचे घर आणि ८० टक्के दिव्यांगता लागते. त्यात केंद्राचा वाटा किती? महिन्याला ३०० रुपये.

आयकराचीही हीच तऱ्हा. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ८० डीडीबी खाली उपचारखर्चाची जी वजावट होती, ती रुग्ण साठीच्या वर असेल तर १ लाख रुपयांपर्यंत आणि साठीच्या आत असेल तर ४० हजारांपर्यंत. औषध तेच, दुकानदाराचा भावही तोच!

यादीत एक शब्द नाही

आता मूळ मुद्द्यावर येऊ. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची दिव्यांगता होती. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ती २१ केली, आणि एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू झाला. त्यात पार्किन्सन आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थॅलेसीमिया आणि सिकल सेलही आहे. ही नावे आली ते योग्यच झाले. पण स्मृतिभ्रंश हे नाव त्या २१ मध्ये नाही.

गंमत अशी की ज्या आयकर कायद्याला आपण नेहमी शिव्या देतो, त्याच्या नियमांत मेंदूच्या आजारांच्या यादीत डिमेन्शिया पहिल्याच क्रमांकावर छापलेला आहे. कर वसूल करणाऱ्या खात्याला जो आजार ठाऊक आहे, तो सामाजिक न्यायाच्या खात्याला ठाऊक नाही.

यावर अधिकारी म्हणतील, नाव नसले तरी जागा आहे. हेही खरे आहे, आणि ते आपल्या प्रत्येक घराने पाठ करून ठेवावे. कायद्यातल्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत विचार, मनःस्थिती, आकलन, दिशाभान आणि स्मृती यांतला गंभीर बिघाड धरलेला आहे. स्मृती हा शब्द तिथे आहे. शिवाय ‘दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार’ या सदरात ‘जसे की’ म्हणून दोन उदाहरणे दिली आहेत, म्हणजे यादी तिथे बंद होत नाही. पण व्यवहारात काय होते? मानसोपचारवाले म्हणतात हा न्यूरोलॉजीचा, न्यूरोलॉजीवाले म्हणतात यादीत नाव नाही. घरचे लोक या खिडकीवरून त्या खिडकीवर.

मानसिक आजाराची दिव्यांगता मोजायला जी ‘आयडियाज’ नावाची मोजपट्टी वापरतात, ती २००२ मध्ये तयार झाली तेव्हा ज्या थोड्या आजारांसाठी आखली गेली त्यांत स्मृतिभ्रंश होता. म्हणजे मोजमाप तयार आहे. दोष तिच्या एका कलमात आहे. ती चार गोष्टी तपासते: स्वतःची काळजी, माणसांशी वागणे, बोलणे-समजणे आणि काम. प्रत्येकीला चारपर्यंत गुण. त्यात आजार किती वर्षांचा याचे गुण मिळवतात. दोन वर्षांच्या आत एक, दहा वर्षांच्या वर असेल तर चार. एकूण वीस. म्हणजे दोन माणसांची अवस्था आज अगदी सारखी असली, तरी केवळ आजार नवा म्हणून एकाला वीसपैकी तीन गुण कमी. चाळीस टक्क्यांच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्याला हे तीन गुण आत घेतात किंवा बाहेर ठेवतात.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या, कधी वाढणाऱ्या कधी ओसरणाऱ्या आजारांसाठी या कलमामागे विचार असेल. तो आम्ही नाकारत नाही. पण जो आजार एकाच दिशेने जातो, त्याला मुरायला वेळ द्या म्हणणे हा कसला न्याय?

विम्याचे थांबणे

विमा कंपनीची बाजूही आम्ही प्रामाणिकपणे मांडतो. घर पेटल्यावर विमा घ्यायला कोणी धावू नये, म्हणून प्रतीक्षा काळ असतो. हे तत्त्व रास्त आहे. आधीपासूनच्या आजारासाठी हा काळ पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिन्यांचा होता. १ एप्रिल २०२४ पासून तो ३६ महिन्यांवर आणला. आणि पाच वर्षे पॉलिसी अखंड चालली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज ‘तुम्ही लपवले होते’ असे म्हणून क्लेम नाकारता येत नाही.

पण ‘आधीपासूनचा आजार’ म्हणजे काय, हे नियमात लिहिलेले आहे. पॉलिसीपूर्वीच्या ठरावीक काळात डॉक्टरने निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरने सल्ला वा उपचार दिला होता, तो आजार. बायकोला आता मागे वळून आठवते की तेव्हाही हे विसरायचे, यावरून आजार आधीपासूनचा ठरत नाही. आमच्या गुरुजींचे निदान पॉलिसीनंतरचे. त्यापूर्वी या कारणासाठी ते कोणत्याही डॉक्टरकडे गेले नव्हते. तेव्हा तो क्लेम नाकारणे आमच्या मते चूकच होते. अशा वेळी भोपाळच्या विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, वकील लागत नाही, फी लागत नाही. हे वहिनींना कोणी सांगितले नाही. आम्हालाही उशिरा कळले, याची आम्हाला खंत आहे.

ज्याला निदान झाले आहे त्याच्या वाट्याला तर प्रतीक्षाही येत नाही. विमा नियामकाने २०१९ मध्ये काढलेल्या सूचनांत एक यादी होती. तिच्यातला आजार आधीच जडलेला असेल, तर त्या आजारापुरते संरक्षण कायमचे वगळून पॉलिसी देण्याची मुभा कंपन्यांना दिली होती. त्या यादीत अल्झायमरचे नाव स्पष्ट होते. पाहा, दिव्यांगांच्या यादीत ज्याला जागा मिळाली नाही त्याला वगळण्याच्या यादीत मात्र बिनचूक जागा मिळाली!

उलट बाजूने, मानसिक आजाराचा विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यावा असे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २१ सांगते. हा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. तो दाखवून भांडता येते.

आणि समजा प्रतीक्षा संपली, तरी काय मिळते? आरोग्य विमा मुख्यतः इस्पितळात भरती झाल्यावर पैसे देतो. आयुष्मानचेही तसेच. या आजारात भरती क्वचित होते. खर्च असतो तो रोजच्या औषधाचा आणि चोवीस तास लक्ष ठेवणाऱ्या माणसाचा. ते माणूस म्हणजे घरातली बाई, जिने त्यासाठी स्वतःचे काम सोडलेले असते. तिच्या श्रमाचा कॉलम कुठल्याच फॉर्मवर नाही.

नोकरी: सही करण्यापूर्वी थांबा

मध्य प्रदेशात शासकीय सेवेतून निवृत्तीचे वय २०१८ मध्ये ६२ केले गेले. म्हणजे ५२ व्या वर्षी आजारलेल्या माणसाची दहा वर्षांची नोकरी बाकी असते. मुलांचे शिक्षण, घराचे हप्ते, मुलीचे लग्न, सगळे याच दहा वर्षांत यायचे असते. आणि नेमके तेव्हाच कोणीतरी हितचिंतक म्हणून येतो आणि सांगतो, चौकशी लागण्यापेक्षा राजीनामा देऊन टाका, इभ्रत राहील.

आम्ही ठणकावून सांगतो, देऊ नका. २०१६ च्या कायद्याचे कलम २०(४) असे आहे की सेवेत असताना ज्याला दिव्यांगता आली त्या शासकीय कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. पद झेपत नसेल तर त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे, तेही नसेल तर जादा पद निर्माण करून योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत ठेवावे. या कलमाच्या शब्दांत चाळीस टक्क्यांची अट नाही. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रवींद्रकुमार धारीवाल प्रकरणात निकाल दिला की मानसिक दिव्यांगतेतून घडलेल्या वर्तनासाठी शिस्तभंगाची कारवाई करणे हा भेदभाव होतो. ते कर्मचारी केंद्रीय राखीव पोलीस दलातले होते. बंदूकधारी दलाच्या माणसाला जो न्याय मिळाला, तो खडू धरणाऱ्या शिक्षकाला का मिळू नये?

स्वतः राजीनामा दिला की हे संरक्षण हातून जाते. खासगी नोकरीत हे कलम नाही हे खरे. तिथे निदान एवढे करावे: भविष्यनिधीशी जोडलेल्या १९९५ च्या पेन्शन योजनेत नोकरीत असताना कायमची पूर्ण अपंगता आली तर पेन्शन आहे आणि त्यासाठी दहा वर्षांची सेवा लागत नाही, ते पाहावे. कंपनीचा गटविमा असेल तर नोकरी सुटण्यापूर्वीच त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत बदलून घेण्याची विचारणा लेखी करावी, म्हणजे भरलेला प्रतीक्षा काळ वाया जात नाही.

सातासमुद्रापलीकडेही

आपली पुष्कळ मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तिथलेही सांगतो. तिथे काम करता न येणाऱ्याला अपंगत्वाचा भत्ता मिळतो, पण साधारणतः पाच महिने थांबून. आणि भत्ता सुरू झाल्यावर मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळतो तो आणखी २४ महिन्यांनी. २०१० मध्ये तिथल्या सरकारने लवकर सुरू होणाऱ्या अल्झायमरचे नाव तातडीने निर्णय द्यायच्या आजारांच्या यादीत घातले. अर्ज लवकर मंजूर होऊ लागले, पण २४ महिन्यांची वाट तशीच राहिली. एएलएस या दुसऱ्या असाध्य आजारासाठी मात्र ती अट २००१ पासूनच काढलेली आहे. म्हणजे श्रीमंत देशातही वाट पाहावी लागते, आणि तिथेही ज्या आजारासाठी लोकांनी जोर लावला त्याची वाट कमी झाली. देशातल्या देशात पाहायचे तर केरळ सरकारने २०१४ मध्येच स्मृतिभ्रंशासाठी राज्याचा उपक्रम सुरू केला. मध्य प्रदेशाला कोणी अडवले आहे?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप, असे रुग्ण किती? थोडे आहेत, आम्ही मान्य करतो. पण थोडे आहेत म्हणजे खर्चही थोडा आहे. तिजोरी रिकामी होण्याची भीती दाखवणाऱ्यांनी दोन्हीकडून बोलू नये.

दुसरा, लोक खोटे दाखले काढतील. काढणारे सगळ्याच बाबतींत काढतात. त्यावर उपाय चांगली तपासणी हा आहे, सरसकट वाट पाहायला लावणे हा नाही. मेंदूचा एमआरआय, स्मृतीची चाचणी आणि सहा महिन्यांच्या अंतराने दोन तज्ज्ञांची टिपणे, एवढे पुरावे असताना आणखी दोन वर्षे कशाला?

आता थोडे आपल्या घरात

शासनाला बोल लावताना आपणही स्वच्छ आहोत असे नाही. होळकरांच्या आणि पवारांच्या काळात आपले पूर्वज या मुलखात आले ते दफ्तर सांभाळायला, हिशेब लिहायला, शिकवायला. आपल्या घराण्यांची मिळकत म्हणजे स्मरणशक्ती. म्हणून ती ढळली की आपल्याला लाज वाटते, आणि आपण लपवतो. मुलीच्या लग्नात अडचण येईल, लोक ‘चळ लागला’ म्हणतील, म्हणून दोन-दोन वर्षे डॉक्टरकडे नेत नाही. त्या दोन वर्षांचा एकही कागद नसतो. पुढे बोर्ड कागद मागते तेव्हा आपले हात रिकामे असतात. आमच्या गुरुजींच्या शेजारी राहणाऱ्या आपल्याच मंडळींनी ‘पितात’ या अफवेला मान डोलावली, हेही लिहून ठेवले पाहिजे. त्यात आमच्यातलेही एक-दोघे होते.

आणखी एक. होळकर राज्यात नेमावर नावाचा जिल्हा होता. आज त्याच नेमावरच्या माणसाला एका दाखल्यासाठी खातेगाव, कन्नौद, चापडा करीत शंभराहून जास्त किलोमीटरवर देवासला जावे लागते. गाडीत घाबरणाऱ्या, अनोळखी जागी ओरडणाऱ्या रुग्णाला घेऊन हा प्रवास तीन-तीनदा कोणत्या बाईने करावा?

आमच्या मागण्या

१. केंद्र सरकारने स्मृतिभ्रंशाचे नाव दिव्यांगतेच्या यादीत स्पष्ट घालावे. त्यासाठी संसदेत नवा कायदा नको. यादीच्या शेवटी ‘केंद्र सरकार अधिसूचित करील असा अन्य प्रकार’ अशी जागा आधीच ठेवलेली आहे. एका अधिसूचनेने काम होते.

२. साठीच्या आत सुरू झालेल्या स्मृतिभ्रंशात आजार किती जुना याचे गुण पाहू नयेत आणि दिलेले प्रमाणपत्र कायमचे असावे. बरा न होणारा आजार दरवर्षी तपासायला बोलावू नये.

३. ज्याचे निदान झाले आहे त्याला वयाची अट न लावता आयुष्मान कार्ड द्यावे, आणि त्यात घरच्या उपचाराची काही तरतूद करावी.

४. विमा कंपन्यांनी घरच्यांच्या आठवणीवरून आजार ‘आधीपासूनचा’ ठरवू नये, असे नियामकाने खुलासेवार कळवावे.

५. मेडिकल बोर्डाने महिन्यातून एकदा खातेगावला किंवा कन्नौदला बसावे.

आपला खातेगाव विधानसभा मतदारसंघ विदिशा लोकसभेत मोडतो. म्हणजे जिल्हा देवास आणि खासदार विदिशाचे. तेव्हा निवेदने दोन्हीकडे जातील: देवासच्या कलेक्टर कचेरीत मंगळवारच्या जनसुनवाईत, आणि खासदारांकडे. एक प्रत भोपाळच्या दिव्यांगजन आयुक्तांना. ज्या पक्षाचा जो कोणी मते मागायला आपल्या ओसरीवर येईल, त्याच्यापुढे हे पाच मुद्दे ठेवावेत. कोणत्याही पक्षाशी आमचे वैर नाही आणि सोयरीकही नाही.

तोवर आपल्या मंडळाने ठरवले आहे की ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्याबरोबर बोर्डापुढे मंडळाचे दोन माणसे जातील. एक रुग्णाजवळ बसेल, दुसरा कागद बोलेल. नकार मिळाला तर तो लेखी मागून घेतला जाईल, कारण कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे त्यावर अपील करता येते. घरच्यांनी आजपासून एक वही ठेवावी: कोणत्या तारखेला काय विसरले, काय करता आले नाही. त्या वहीची बोर्डापुढे किंमत असते. नाव गुप्त राहील ही आमची जबाबदारी.

आमचे गुरुजी आता घाटावर येत नाहीत. वहिनी त्यांना सकाळी ओट्यावर बसवतात. त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र अजून यायचे आहे, फेरतपासणीची तारीख मिळाली आहे. राजीनामा त्यांनी दिलेला नाही. तो कागद आम्ही फाडायला लावला, आणि कलम २०(४) चा अर्ज खात्याकडे गेला आहे. त्याचे काय होते ते पुढच्या अंकात कळवू.

आपले,
संपादक मंडळ